पुढच्या इयत्तेचं पुस्तक थोडं बाजूला ठेवा

"सर, मुलगी सातवीत आहे, पण नववीचं गणित करून झालंय. आता काय द्यायचं?" हुशारीचं कौतुक आणि ती वाया जाईल ही धास्ती, दोन्ही या प्रश्नात असतात. उत्तर मात्र घरात बहुतेक ठरलेलंच असतं: दहावीचं पुस्तक, नाहीतर जेईईची फाउंडेशन बॅच. माझं मत वेगळं आहे. अशा मुलांना आधी आहे त्याच विषयात खोल उतरू द्यावं.

म्हणजे कसं? अंकांच्या बेरजेला ९ ने भाग गेला की संख्येलाही जातो, ही कसोटी शाळेत येते. हुशार मूल ती पाच मिनिटांत शिकतं आणि उरलेला तास शेजारच्याच्या खोड्या काढतं. त्याला विचारा, ९ ला हे का जमतं आणि ७ ला का नाही? १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी दरवेळी १ च उरते, इथवर त्याचं त्याला पोहोचू द्या. दोन दिवस लागले तर लागू देत, क्लू देऊ नका. मग पुढचा प्रश्न: आपण दहाऐवजी आठाच्या गटांनी मोजत असतो, तर ही कसोटी कोणाला लागू पडली असती? तिथे मात्र ७ ला! का, ते त्यानं कागदावर मांडून पटवायचं. ‘या सहामाहीत अशा तीन नियमांची कारणं स्वतः शोधून लिहीन’ हे झालं उद्दिष्ट. ‘दहावीची तीन प्रकरणं संपवीन’ हे नुसतं वेळापत्रक.

कागदावर मांडायचं म्हटलं की ही मुलं कुरकुरतात. "मला येतंय ना, मग लिहायचं कशाला?" डोकं वयाच्या पुढे धावतं, हात वयाइतकाच असतो. म्हणून नीट लिहिणं हेही त्यांचं उद्दिष्ट हवं. शिवाय जिथे आपला पहिला नंबर येणार नाही असं काहीतरी असावं. तबला घ्या, पोहणं घ्या.

स्पर्धांबद्दल पालकांचा एक गैरसमज असतो की तिथे वेग लागतो. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये दोन दिवस, रोज साडेचार तासांत तीनच गणितं असतात. कॅलक्युलसही लागत नाही. त्यामुळे अकरावीचा भाग आठवीतच उरकलेल्या मुलाला तिथे खास फायदा नाही. सहावी आणि नववीसाठीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेपुढे प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असते. प्रकल्प आई-बाबांनी केलेला असला की मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला कळतं. त्यापेक्षा सोसायटीतल्या गळक्या नळांखाली बादली लावून आठवडाभर पाणी मोजलेलं बरं.

१९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी पुण्यात सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीसारखी संस्था सगळ्यांच्या गावात नसते. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांना नेहमीच्या अभ्यासापलीकडचं काही द्यावं, असं म्हटलेलं आहे. तेव्हा वर्गशिक्षकांना भेटून एवढंच मागा: संग्रहातली वीस सोपी उदाहरणं माफ करा, शेवटची पाच अवघड तेवढी द्या. भेटायला जाताना प्रमाणपत्रांची फाइल घरीच राहू द्या. मुलीची कच्ची वही न्या, खाडाखोडीसकट.