घरचा आणि दारचा कुत्रा

कुत्रा हा विषय प्राथमिक वर्गात फार सोपा समजला जातो. ‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे’ या वाक्याने निबंध सुरू होतो व ‘तो घराची राखण करतो’ या वाक्याने बहुधा संपतो. वस्तुतः खेड्यातील मुलाला शाळेच्या वाटेवर जो प्राणी रोज भेटतो आणि ज्याचा एक दात लागल्याने त्याच्या जिवावर बेतू शकते, तो हाच होय. म्हणून या पाठाची तयारी शिक्षकाने निबंधापुरती न करता अधिक काळजीपूर्वक करावयास हवी.

कुत्र्याचा मूळ पुरुष लांडगा. मनुष्य शेती करू लागण्यापूर्वीच, निदान १४ हजार वर्षांमागे, कुत्रा माणसाळला होता. शेळी, मेंढी, गाय ही सर्व मागाहून आली. काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन वस्तीत माणसांबरोबर कुत्रेही पुरलेले आढळले आहेत. पुढे ज्याला ज्या कामासाठी कुत्रा हवा होता, त्याने त्या कामास योग्य अशी पिले निवडून वाढविली आणि त्यांतून निरनिराळ्या जाती झाल्या. असे सांगितले म्हणजे मुलांना जातींची नावे पाठ करावी लागत नाहीत. शरीर पाहून काम ओळखता येते.

याचे उत्तम उदाहरण दख्खनच्या पठारावरच आहे. सांगली, सोलापूर या भागांत व लगतच्या उत्तर कर्नाटकात कारवानी कुत्रा आढळतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, त्यामुळे तिला मुधोळ हाउंड असेही म्हणतात. अंगावर व कानांवर रेशमासारखे लांब केस असलेल्या कुत्र्यास पश्मी असे नाव आहे. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट व उंच सडपातळ पाय असा याचा बांधा. प्रथम पाहणाऱ्यास तो उपाशी वाटतो. पण ती उपासमार नव्हे. उघड्या माळावर दूर हाललेला ससा नजरेने टिपावयाचा आणि वाऱ्यासारखे धावून त्यास गाठावयाचे, हे त्याचे पिढीजात काम होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी शिकार हा गुन्हा ठरला आहे, आणि वस्तीची राखण हेच त्याचे मुख्य काम उरले आहे. २००५ साली भारतीय डाक खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. २०१६ च्या सुमारास मेरठ येथील लष्करी केंद्रात या जातीच्या पिलांचे शिक्षणही सुरू झाले.

धनगराच्या कुत्र्याला असे नावलौकिकाचे भाग्य क्वचितच लाभते. रात्री मेंढ्या वाघरीत कोंडल्या की तो बाहेर पडून राहतो आणि लांडग्याची चाहूल लागताच भुंकून सारा वाडा जागा करतो. हिमालयातील गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या प्रथम गळाच धरतो. याउलट लॅब्रॅडॉरची सारी शक्ती नाकात असते. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ नावाच्या लॅब्रॅडॉरने तीन हजार किलोग्रॅमहून अधिक स्फोटके वासावरून शोधून दिली. ही गोष्ट वर्गात सांगितली तर मुले कान टवकारून ऐकतात.

कामाप्रमाणे शरीर घडले, तशाच गरजाही घडल्या. धावण्यासाठी जन्मलेला कारवानी गच्चीवर साखळीने बांधून ठेवला तर तो चिडखोर होतो, आणि मग दोष कुत्र्याला दिला जातो. बर्फातील दाट केसांचे कुत्रे हौसेने विकत घेऊन विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवणे, ही तर निव्वळ क्रूरता होय. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगी घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग निवविण्याचा मुख्य उपाय. म्हणून त्याच्याजवळ सावली व पाणी सदैव असावे. गोचीड व पिसवा काढाव्यात, जंतांचे औषध वेळच्या वेळी द्यावे. चॉकलेट, कांदा व द्राक्षे ही त्याला बाधतात. मेंढपाळांच्या वस्तीत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. कापलेल्या मेंढीचे काळीज किंवा फुप्फुस कच्चे घातल्यास त्यांतील कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतात; त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून मुलांच्या हातांवाटे पोटात गेली, तर वर्षानुवर्षांनी यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, या नियमाचे कारण असे सांगितले तरच तो मुलांच्या ध्यानात राहतो.

आता मुख्य विषय. कुत्रा एकाएकी चावला असे लोक म्हणतात, पण बहुधा त्याने आधी सूचना दिलेली असते. ताठरलेले अंग, मानेवरचे उभे केस, ओठ वर करून दाखविलेले दात, रोखलेली नजर, ही त्याची भाषा आहे. जेवणारा, झोपलेला किंवा पिलांजवळचा कुत्रा छेडू नये. अनोळखी कुत्रा अंगावर आल्यास पळू नये. हात अंगाशी घेऊन झाडासारखे स्तब्ध उभे राहावे व त्याच्या डोळ्यांत पाहू नये. हे शब्दांनी शिकविण्यापेक्षा मुलांकडून मैदानात करून घ्यावे.

इतके करूनही चावा बसलाच, तर भय आलर्काचे, म्हणजे रेबीजचे. हा विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेत असतो आणि मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकतो. त्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात. लहान मुलांना उंचीमुळे तोंडावर, मानेवर चावे बसतात, तेथून मेंदू जवळ असल्याने हा अवधी कमी होतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यापूर्वी योग्य उपचार झाले तर मात्र तो जवळजवळ नेहमीच वाचतो. म्हणून जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावू नये. मांत्रिकाकडे घालविलेला दिवस परत मिळत नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठून लस सुरू करावी. जखम खोल असल्यास किंवा रक्त आले असल्यास जखमेभोवती आणखी एक औषध टोचावे लागते, ते डॉक्टरांना विचारावे. कुत्रा दहा दिवस जगतो का हे पाहावे, पण त्यासाठी लस थांबवू नये.

ही लस लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास प्रथम टोचली व तो मुलगा जगला. पोटात चौदा सुया घेण्याची जुन्या लोकांच्या आठवणीतील पद्धत आता राहिलेली नाही. ती लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. हल्ली चार किंवा पाच वेळा, दंडावर लस देतात. पालकांच्या मनातील सुयांची भीती घालविण्यास एवढी माहिती पुरते.

मुलाच्या मनातील भीती मात्र निराळी असते. कुत्र्याची खोडी काढली म्हणून मार बसेल, या धास्तीने पुष्कळ मुले लहानसा ओरखडा घरी सांगतच नाहीत. म्हणून चावा किंवा ओरखडा सांगणाऱ्या मुलास कोणीही रागावणार नाही, असे शिक्षकाने वर्गात स्पष्ट बोलून दाखवावे आणि ते पाळावे. पालकसभेतही हाच शब्द पालकांकडून घ्यावा. पहिली सुई घेतल्यावर मजुरीला जाणारे आईबाप पुढच्या तारखा विसरतात, हेही लक्षात ठेवावे; त्या तारखा शिक्षकाने हजेरीपटाच्या मागच्या पानावर टिपून ठेवाव्यात व त्या दिवशी मुलास आरोग्य केंद्रात जाण्यासाठी सुटी द्यावी.