गळ, जाळे आणि जाळ्याचा आस

भीमेच्या काठी वसलेल्या राजगुरुनगर परिसरातील मुलांस मासे धरणे नवे नाही. दप्तर घरी टाकून काठी-दोरी घेऊन पाण्यावर जाणारा मुलगा बहुतेक वर्गांत एखादा तरी असतोच. शिक्षकाने ती केवळ खोडी समजू नये. मुलाच्या हातातील साधन कसे चालते आणि ते कोणता मासा धरते व कोणता सोडते, हा परिसर अभ्यासाचा उत्तम विषय आहे.

पाठाचा आरंभ गळापासून करावा. हे साधन फार प्राचीन आहे. भीमेस मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव येथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन होऊन जोर्वे संस्कृतीची मोठी वस्ती उजेडात आली. या संस्कृतीच्या तांब्याच्या वस्तूंत कुऱ्हाडी, छिन्न्या यांजबरोबर गळही आढळतात. धातू बदलला, आकार मात्र जवळजवळ तोच राहिला.

काठी, दोरी, भेंड, वजन आणि गळ एवढेच साहित्य नवशिक्यास पुरते. ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा तुकडा पाण्यावर तरंगतो. मासा आमिषास तोंड लावताच तो बुडतो व वर बसलेल्यास खूण मिळते. वजन भेंडास बुडवील इतके जड नसावे, आणि गळ खाली जाणार नाही इतके हलकेही नसावे. ही तोलाची बाब वर्गात बादलीभर पाण्यात मुलांकडूनच शोधून काढावी. शिसे विषारी असल्याने वजनासाठी लोखंडी नट घ्यावा. चाकणच्या कारखान्यांमुळे तो या भागात दुर्मिळ नाही. गळाच्या क्रमांकाची मौज मुलांस अवश्य सांगावी : 10 क्रमांकाचा गळ 4 क्रमांकाहून लहान असतो.

गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो. त्यामुळे मासा निसटत नाही, आणि त्याचमुळे बोटात रुतलेला गळही मागे ओढून निघत नाही. तो ओढू नये. दोरी कापून मुलास दवाखान्यात न्यावे. वर्गात दाखवावयाचा गळ कानशीने बोथट केलेला असावा. चासकमान धरण नदीच्या वरच्या अंगास आहे. तेथून पाणी सोडले म्हणजे ऊन पडलेले असतानाही पात्र भरते. म्हणून मोठे माणूस सोबत असल्यावाचून मुलांनी काठावर जाऊ नये, हे शिक्षकाने पाठाच्या वेळी व पुन्हा पावसाळ्याच्या तोंडी बजावून सांगावे.

जाळ्याचा भाग अधिक महत्त्वाचा असल्याने त्यास निराळा तास द्यावा. गळास एका वेळी एक मासा लागतो. जाळे मात्र घोळका धरते, आणि त्यात कोण सापडावे हे जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या घराचे छिद्र, ठरविते. आस ताणून मोजतात : घराची बाजू 2 सेंटिमीटर असल्यास ताणलेला आस 4 सेंटिमीटर भरतो. उभ्या लावलेल्या जाळ्यात माशाचे डोके आत शिरते, धड अडते, आणि मागे सरताना धागा कल्ल्यांत अडकतो. लहान मासा पार निघून जातो.

हे समजण्यास कांद्याची जाळीदार पिशवी आणि मच्छरदाणीचा तुकडा पुरेसा आहे. दोहोंत मोहरी व लहान कांदे घालून हलवावे. पिशवीतून मोहरी गळून पडते, कांदे राहतात. मच्छरदाणीत सारेच राहते. मग मुलांस विचारावे : मोहरी म्हणजे माशाची पिल्ले असतील तर पुढील वर्षी कांदे कोठून येतील? रोहू व कटला यांस पहिली अंडी घालण्याजोगे होण्यास सुमारे दोन वर्षे लागतात. हीच भीमा पुढे 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात जाते. तेथे बारीक आसाच्या ‘वडाप’ जाळ्यांनी पिल्ले उपसली जातात, अशी तक्रार गळ आणि मोठ्या आसाची जाळी वापरणाऱ्या मच्छीमारांनीच वारंवार केली आहे. सुरुंग लावून अथवा विष घालून मासे मारणे तर 1897 च्या अधिनियमानेच गुन्हा ठरविले होते. समुद्रातील 54 जातींसाठी महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये किमान लांबी ठरवून दिली, तिच्यामागेही हाच विचार आहे.

पूर्वी जाळी सुताची वा तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत, तरीही काही काळाने कुजतच. नायलॉनचे जाळे कुजत नाही, ही त्याची सोय. पण तुटून पाण्यात राहिले तर कोणी ओढावयास नसतानाही ते मासे, कासवे व पाणपक्षी धरीत राहते. काठावर पडलेले तुकडे गोळा करण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांस शिक्षकाच्या देखरेखीखाली देता येईल. त्यांतील चार तुकडे शाळेत ठेवून त्यांचे आस पट्टीने मोजावेत व तक्ता भिंतीवर लावावा.