हुमणी: भुंगेरा दिव्यावर आला की कामाला लागा

मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला वळवाचा एखादा दमदार पाऊस पडतो, माती वीतभर खोल ओलावते आणि पाठोपाठच्या संध्याकाळी ओसरीवरच्या दिव्याभोवती किड्यांची झुंबड उडते. पंख फुटलेली वाळवी, पतंग, चिलटे, लांबलचक पायांचे मोठ्या डासासारखे किडे आणि त्यांच्यातच भिंतीवर टपकन आपटून उताणे पडणारे तपकिरी भुंगेरे. घरचे लोक वैतागून दिवा मालवतात, सकाळी अंगण झाडले की सगळा केर एकत्रच उकिरड्यावर जातो. त्या केरातला भुंगेरा मात्र शेतकऱ्याच्या मुळावर उठणारा आहे. त्याची अळी म्हणजे हुमणी. ऊस, भुईमूग, सोयाबीन, हळद, आले आणि घराभोवतीचे लॉन, सगळ्यांची मुळे ती खाते. तिचा बंदोबस्त करण्याचे दिवस जूनचे. सप्टेंबरात पीक पिवळे पडल्यावर कितीही धावपळ केली तरी हाती फारसे लागत नाही.

आधी त्या लांब पायांच्या किड्याबद्दल, कारण घरातली माणसे सर्वांत जास्त त्यालाच घाबरतात. तो चावत नाही, रक्त पीत नाही, रोगही पसरवत नाही. पूर्ण वाढलेला किडा काही दिवसच जगतो, तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालायची एवढेच त्याचे काम. पाय इतके नाजूक की धरायला गेले तर एखादा तुटून हातात येतो. आपल्याकडे त्याची अळी सहसा ओलसर मातीत, ओढ्याकाठच्या चिखलात, कुजलेल्या पाल्यात वाढते. त्याच्यासाठी घरात फवारा मारू नका. ग्लास पालथा घाला, खालून कागद सरकवा आणि बाहेर सोडून द्या. इंग्लंड-युरोपात मात्र याच्याच काही जातींच्या अळ्या हिरवळीची मुळे खातात. १९३५ साली लंडनच्या लॉर्ड्स मैदानाचे गवत या अळ्यांनी जागोजाग फस्त केले होते, आणि त्याच उघड्या पडलेल्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी सामना जिंकला. आपल्या मातीत हे काम हुमणी करते.

पश्चिम महाराष्ट्रात तिच्या दोन जाती जास्त त्रास देतात. माळरानावरची होलोट्रॅकिया आणि नदीकाठच्या जमिनीतली ल्युकोफोलिस. पुढचे सांगणे मुख्यतः पहिलीबद्दल आहे, कारण तिचा भुंगेरा झाडावर येतो आणि हाताने पकडता येतो.

पाऊस झाल्यावर दिवेलागणीला, साधारण सात-साडेसातला, बांधावरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहा. आधी जमिनीलगत घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, मग भुंगेरे मातीतून निघून झाडाच्या शेंड्याभोवती घिरट्या घालू लागतात. थोड्या वेळाने आवाज शमतो. आता बॅटरी मारली तर फांद्यांवर जोड्या दिसतात, मादी पानाला धरून आणि नर तिला लोंबकळत. मिलन आटोपले की पाला खाणे सुरू. कडुनिंब, बाभूळ आणि बोर ही त्यांची आवडती झाडे. उजाडण्याआधी सगळे पुन्हा जमिनीत शिरलेले असतात. सकाळी खाली पडलेले पानांचे कुरतडलेले तुकडे आणि खाल्लेले शेंडे, एवढाच पुरावा उरतो. म्हणून दिवसा झाड बघून ‘आमच्याकडे काही नाही’ असे ठरवू नका.

यानंतर मादी ओलसर मातीत, तीन-चार इंच खोल, एकेक करून अंडी घालते. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी देते. अंडे पांढरे, साबुदाण्याएवढे. दहा-पंधरा दिवसांत त्यातून अळी निघते. सुरुवातीला ती मातीतले कुजके खाते, मग कोवळ्या मुळांकडे वळते. तीन अवस्थांतून जाताना ती मोठी आणि अधाशी होत जाते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात दिसणारी जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पिवळसर तपकिरी डोक्याची अळी ही तिसरी अवस्था. खरे नुकसान तीच करते, आणि औषधालाही तीच सर्वांत कमी दाद देते. पुढे ती खोल जाऊन कोष करते. कोषातून निघालेला भुंगेरा उन्हाळाभर जमिनीतच दबा धरून बसतो आणि पुढच्या वळवाची वाट पाहतो. वर्षाला एकच पिढी. शेतकऱ्याच्या बाजूने असलेली ही मोठी गोष्ट आहे, कारण भुंगेरे बाहेर येण्याचे ते थोडे दिवस नीट साधले तर वर्षभराचा घोर कमी होतो.

हिशेब करून पाहा. एका झाडावरून १०० भुंगेरे गोळा केले आणि त्यात निम्म्या माद्या धरल्या, तर अडीच-तीन हजार अंडी जमिनीत जायची टळली. एवढे काम करणारे दुसरे कुठलेही औषध इतक्या स्वस्तात मिळत नाही. झाडाखाली जुनी ताडपत्री किंवा धोतर अंथरा, आकडी लावलेल्या लांब काठीने फांद्या जोराने हलवा, पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. भुंगेरा चावत नाही, त्यामुळे घरातली मुलेसुद्धा वेचू लागतात. झाडावर फवारणी झालेली नसेल तर हेच भुंगेरे कोंबड्यांना घालता येतात. वेळ पाळा. भुंगेरे झाडावर स्थिरावल्यावर, आठनंतर, काम चांगले होते. पहिल्या पावसानंतर ओळीने काही संध्याकाळी हे करावे लागते, आणि मध्ये उघडीप पडून पुन्हा पाऊस झाला की पुन्हा.

एकट्याने करून भागत नाही. तुम्ही तुमची दोन झाडे हलवलीत आणि शेजारच्या बांधावरच्या पाच बाभळी तशाच राहिल्या, तर त्यांच्यावरचे भुंगेरे तुमच्या उसात अंडी घालायला येणारच. त्यांना सातबारा कळत नाही. शिवारातली कडुनिंबाची, बाभळीची, बोराची झाडे वाटून घ्या. ओढ्याकाठची, गायरानातली, रस्त्याकडेची झाडे कुणाचीच नसतात, म्हणून ती हमखास सुटतात. त्यांची जबाबदारी ग्रामपंचायतीने किंवा तरुण मंडळाने घ्यावी. साखर कारखान्याच्या शेतकी विभागाशीही आधीच बोलून ठेवा. हे बोलणे पाऊस पडल्यावर सुरू केले तर पहिला आठवडा बोलण्यातच जातो, आणि तोच सर्वांत मोलाचा असतो.

प्रकाश सापळा हा याला जोड म्हणून आहे. हेक्टरी एक सापळा पुरतो. बल्बखाली पसरट घमेले, त्यात पाणी आणि थोडे रॉकेल किंवा साबणचुरा. सापळा दिवेलागणीपासून साडेआठ-नऊपर्यंतच लावा. रात्रभर जळत ठेवला तर मित्रकीटकही त्यात मरतात. पावसाळी हवेत पाण्यावर विजेची वायर लटकवताना जोड उघडा ठेवू नका. सौर सापळा मिळत असेल तर तो सर्वांत सुरक्षित.

घरासाठी वेगळे काही लागत नाही. किडे घरात वाढत नाहीत, बाहेरून उजेडाला येतात, त्यामुळे घरभर विषारी फवारा मारून उपयोग शून्य. पावसानंतरच्या संध्याकाळी सात ते नऊ या वेळात ओसरीवरचा पांढरा झगझगीत दिवा बंद ठेवा. दिवा लागणारच असेल तर पिवळ्या उजेडाचा लावा, त्याच्याकडे किडे कमी येतात. खिडक्यांना जाळी बसवा, दाराखालच्या फटीत कापडाची सुरळी सरकवा. उजेड चालू ठेवावाच लागत असेल तर त्याच्याखाली साबणपाण्याची परात ठेवा. परातीत पडलेले भुंगेरे पाहत जा. पहिला तपकिरी भुंगेरा दिसला की झाडांकडे जायची वेळ झाली, एवढे ओळखावे.

लॉनवाल्यांनी जास्त सावध राहायला हवे. मेच्या कडक उन्हात सगळे शिवार कोरडे असताना लॉन मात्र रोजच्या पाण्याने मऊ आणि ओले असते, आणि अंडी घालायला मादीला ओल हवी असते. मंगल कार्यालयांच्या लॉन्सवर तर लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत झोताचे दिवे सुरू असतात, म्हणजे उजेड आणि ओल दोन्ही एकाच जागी. कुंपणाला कडुनिंब असेल तर जेवणाचीही सोय झाली. अशा ठिकाणी मेअखेर ते जून लॉनला पाणी सकाळीच द्या आणि दोन पाण्यांमधले अंतर वाढवा, म्हणजे संध्याकाळी वरची माती तरी कोरडी राहील. कार्यक्रम नसेल त्या दिवशी मोठे दिवे लावू नका.

सप्टेंबरमध्ये पाणी असूनही लॉनवर पिवळे चट्टे पडू लागले, कावळे आणि साळुंक्या त्याच जागी टोचत बसल्या, तर चट्ट्याच्या कडेचे गवत मुठीत धरून ओढा. मुळे खाल्लेली असतील तर ते अलगद हातात येते. मग चार-पाच ठिकाणी फूटभर चौकोन खणून अळ्या मोजा आणि वेचून काढा. लहान लॉनवर एवढ्यानेही बराच फरक पडतो. नुसता पिवळेपणा पाहून औषध आणू नका. बुरशी, साचलेले पाणी, पाण्याचा ताण यांनीही गवत असेच पिवळे पडते.

उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते, हेही ओळखता यायला हवे. गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखतात वाढतात, आकाराने फार मोठ्या असतात आणि पिकाची जिवंत मुळे खात नाहीत. त्यांचा भुंगा मात्र नारळाचा शेंडा पोखरतो, म्हणून कोकणात त्या वेचून मारायच्याच. आणखी एक अळी सापडते, ती सपाट जागेवर ठेवली की उताणी होऊन पाठीवर सरपटत चालते. ती फुलांवर येणाऱ्या भुंग्यांची अळी, खत कुजवण्याचे काम करते, तिला राहू द्या. हुमणी अशी पाठीवर चालत नाही. शेतात टाकायचे शेणखत पूर्ण कुजलेले हवे. कच्चे खत टाकले तर लहान अळ्यांना आयते खाद्य मिळते.

जैविक उपायांत मेटारायझियम ही बुरशी हुमणीवर चालते. हेक्टरी २० किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून जून-जुलैत, जमिनीत ओल असताना, संध्याकाळी मुळांजवळ मातीत मिसळावी. कोरड्या मातीत आणि उन्हात ती टिकत नाही. पुडीवरची तारीख पाहून घ्या आणि तिच्यासोबत बुरशीनाशक वापरू नका. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. मेलेली अळी कडक होऊन पुढे हिरवट दिसू लागली की बुरशी लागू पडली असे समजा. रासायनिक औषध घ्यायचेच असेल तर लेबलवर तुमच्या पिकाचे आणि हुमणीचे नाव आहे का ते वाचा, मात्रा कृषी विज्ञान केंद्राला किंवा कृषी सहायकाला विचारून ठरवा, आणि अळी लहान असतानाच वापरा. एका चौरस मीटरला एक अळी सापडली की उपाय सुरू करायची वेळ झाली. फवारलेल्या झाडाचा पाला शेळ्यांच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्या.

यंदा उसाची बेटे हिसका देताच उपटून येत असतील, तर त्या शेतात खोडवा ठेवू नका. खोडव्यात जमीन हलत नाही आणि अळ्यांना तेच हवे असते. खरिपाचे पीक निघाल्यावर लगेच नांगरट करा, तीही सकाळी, म्हणजे बगळे आणि कावळे नांगरामागून अळ्या वेचतील. उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर त्या नांगराच्या पोहोचेबाहेर खोल गेलेल्या असतात. आणि ज्या झाडांवर यंदा जास्त भुंगेरे सापडले त्यांच्या बुंध्यांना आत्ताच चुन्याचा पट्टा मारून ठेवा. पुढच्या वळवाला कुठून सुरुवात करायची ते विचारावे लागणार नाही.