उडतं पाणी, अडतं पाणी

पोरी, गाडी घेतलीस, छान झालं. आता मामाचं थोडं ऐकून घे. राहणार गुहागरला आणि नोकरी दापोलीला, म्हणजे धोपावे-दाभोळची फेरीबोट रोजचीच. बोटीत चढताना आणि उतरताना चाकं खाडीच्या पाण्यातून जातात, ते पाणी थेट गाडीच्या पोटावर उडतं. आपल्या किनाऱ्यावर गाडीचं इंजिन धडधाकट असतं आणि पत्रा आधी संपतो. चांगल्या चालत्या गाड्या फक्त खालून सडल्या म्हणून भंगारात गेलेल्या मी आयुष्यभर बघितल्या. त्यांचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेक वाचण्यासारख्या होत्या.

मूळ गोष्ट एवढीच ध्यानात ठेव. पाणी उडतं तिथे गंज कमी, पाणी अडतं तिथे जास्त. मोकळा, वारा लागणारा पत्रा भिजतो आणि वाळतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात, चिखलाच्या थराखाली, बंद पोकळीत गेलेलं पाणी वाळत नाही, आणि खरी नासाडी तिथेच होते.

त्यात आपल्याकडे मीठ. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच गाडीखाली होतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. जून ते सप्टेंबर आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे गाडी पडवीत उभी असली, पावसाचा थेंब लागला नाही, तरी मडगार्डच्या आतल्या कडेला बसलेलं मीठ ओलंच राहतं. लोखंड गंजायला हवा आणि पाणी पुरतं. त्या पाण्यात मीठ असलं की तेच काम झपाट्याने होतं. म्हणून आधी मीठ काढायचं, कोटिंगचं नंतर बोलायचं.

आठवड्यातून एकदा तरी गाडी खालून धू. चाक आत-बाहेर वळवून मडगार्डच्या आतली गोल कड, मग दोन्ही बाजूंच्या दारांखालचा भाग, मग मागच्या चाकांच्या पुढचा कोपरा. पाणी भरपूर, जोर बेताचा. प्रेशरचा फवारा वायरिंगच्या सॉकेटवर आणि चाकाच्या बेअरिंगवर रोखायचा नाही. आणि पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने धुतलंस तर मीठ निघायच्या जागी चढेल. जिभेला थेंब लावून बघ, कळतं. हर्णैहून मासळी घेऊन निघालेल्या टेम्पोंच्या मागे अंतर ठेवून चालव, त्यांच्या बर्फाचं खारं पाणी सगळ्या रस्त्यावर ठिबकत असतं. आणि पाहुणे कितीही म्हणाले तरी पुळणीवर गाडी घालायची नाही.

आता भोकांचं सांगतो. हे कुठलंही सर्व्हिस सेंटर आपणहून सांगत नाही. दारांखाली जो लांब पोकळ पत्रा असतो, गॅरेजवाले त्याला रनिंग बोर्ड म्हणतात, त्याच्या तळाला लहान लहान भोकं ठेवलेली असतात. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेलाही असतात. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. आपली जांभ्याची लाल माती त्यात जाऊन बसली की भोक बुजतं आणि दार आतून टाकी होतं. गाडी उतारावर उभी कर, दार जोरात हलवून बघ. आत खळखळ ऐकू आली तर समज. जाड प्लास्टिकची दांडी घे, नाहीतर केबल टाय घे, तार नको, ती रंग ओरबाडते. हळूच भोकात फिरव. आधी लाल गाळाची गोळी निघेल, मग चहाच्या रंगाचं पाणी धार धरून येईल. धार थांबेपर्यंत तशीच ठेव, मग वरून गोडं पाणी सोडून आतला गाळ धुऊन काढ. मृगाच्या आधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा, एवढं पुरे. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतोच आपण, त्याच दिवशी ही भोकंही मोकळी करायची.

कोटिंग करून घे, पण डोळे उघडे ठेवून. काळं डांबरी किंवा रबरी कोटिंग जाड असतं, खडीचा मार सोसतं, आवाजही कमी करतं. गंजावर मारलं तर मात्र घात करतं. कुठेतरी खडा लागून तडा जातो, त्यातून पाणी आत शिरतं आणि कोटिंगच्या मागे लपून पत्रा खात बसतं. वरून सगळं काळंभोर, छान. म्हणून काम वैशाखात कर, ऊन कडक असताना. गाडी धुऊन दोन दिवस उन्हात वाळू दे. गंज वायर ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायला लाव, तू स्वतः समोर उभी राहा. जिथे ब्रश पोचत नाही तिथे टॅनिनचं रस्ट कन्व्हर्टर लावतात, तांबडा गंज काळा पडतो. हिरडा आणि हिराकस मिळून जुन्या काळी शाई करत, तिचा काळेपणा याच टॅनिनचा. त्यावर प्रायमर, तो पुरता वाळला की रंग, मग कोटिंग.

रनिंग बोर्डाच्या आत आणि चासीच्या पोकळ्यांत मेणाचं कोटिंग बारीक नळीने फवारतात. माझा कौल त्यालाच. ते मऊ राहतं, सांध्यात झिरपतं, कडक होऊन तडकत नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी हात फिरवावा लागतो, पण पैसे तिथे घाल. सायलेन्सर, ब्रेकची डिस्क आणि रबरी बुश झाकून घ्यायला सांग. काम झालं की ती भोकं परत तपास, फवारणारा हमखास बुजवतो.

जळकं ऑइल किंवा डिझेल मारून घेऊ नकोस. जुने लोक मारायचे, गाडी टिकायचीही. पण ते ऑइल आणि डिझेल दोन्ही रबरी बुश फुगवतात, हाताला वाईट, आणि पहिल्याच पावसात वाहून कुणाच्या तरी विहिरीत जातं.

जॅक लावायची जी कड असते तिथला रंग दर वेळी चेपतो. पंक्चर काढलंस की त्याच दिवशी पुसून प्रायमरचं बोट लाव.

पाणी वरूनही येतं, थेट गाडीच्या आत. पायाखालचं मॅट उचललंस तरी त्याच्या खालचा नमदा महिनोन्‌महिने ओला राहतो, आणि जमिनीचा पत्रा आतून कुजतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या इंजिन दुरुस्त होऊन रस्त्यावर आल्या. नमदा काढून न वाळवलेल्यांचे पत्रे पुढे गेले. तू सेकंडहँड घेतली आहेस, म्हणून हे आधी बघ: सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का, नमद्याला कुबट वास येतो का. आणि खाली ताजं काळं कोटिंग दिसलं तर खूष होऊ नकोस. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत वाजलं तर बरं, बद्द वाजलं तर तिथे खरवडून बघ.

सायलेन्सर आतून गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. गाडी बाजारापर्यंत जाऊन परत आली तर ती वाफ आतच थंड होते. तुझी दापोलीची फेरी लांब आहे, ते चांगलंच. सुट्टीच्या दिवसांत मात्र आठवड्यातून एकदा तरी गाडी पुरती तापेपर्यंत चालव. आणि पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी ठेवायची तर हँडब्रेक ओढू नकोस, ड्रमला लायनर चिकटतात. गिअरमध्ये टाक, चाकाला दगड लाव.

ब्रेकचे लोखंडी पाइप शेवटी सांगतोय, पण महत्त्व त्यांनाच सगळ्यात जास्त. ते गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जातात आणि क्लिपांखाली गंजतात, जिथे नजर जात नाही. दर सर्व्हिसिंगला रॅम्पखाली स्वतः उभी राहा, बॅटरी मारून क्लिपांजवळ बघ. नुसता तांबूस रंग चढला असेल तर साफ करून मेण लाव. पापुद्रे सुटत असतील तर घासू नको, रंगवू नको, त्याच दिवशी पाइप बदलून घे, आणि बदलेपर्यंत गाडी गॅरेजमध्येच राहू दे. त्या दिवशी एसटीने ये.