अंगठ्याचा ठसा आणि यंत्राचा नकार

बोटांच्या टोकांवरील रेषा मूल गर्भात असतानाच तयार होतात व त्यांची रचना जन्मभर कायम राहते. ओळख पटविण्याच्या कामी ठशाचा उपयोग होतो तो याच गुणामुळे. परंतु रचना कायम राहते म्हणून रेषा झिजत नाहीत असे मात्र नव्हे. खुरपे, विळा व दोर यांचे घर्षण, चुना व सिमेंट यांचा दाह, हिवाळ्यातील भेगा आणि उतारवय यांमुळे त्या पुसट होतात. ज्याने आयुष्यभर हाताने कष्ट केले त्याचाच ठसा यंत्राला वाचण्यास कठीण जातो, आणि शिधापत्रिकेवरील धान्याची गरजही बहुधा त्यालाच अधिक असते.

रास्त भाव दुकानातील यंत्र लाभार्थ्याचा आधार क्रमांक व ठसा मध्यवर्ती नोंदीकडे धाडते. तेथे त्या क्रमांकाखाली पूर्वी साठविलेल्या ठशाशी त्याची तुलना होते. या तुलनेतून साम्याचे काही गुण निघतात, एवढेच. किती गुणांना होकार समजावयाचे ही मर्यादा माणसांनीच ठरवून दिलेली असते. बियाणे चाळताना चाळणीची भोके मोठी ठेवली तर तणाच्या बियांबरोबर चांगला दाणाही गळून पडतो. भोके बारीक ठेवली तर चांगल्या दाण्यांबरोबर तणाचे बीही वर राहते. ठशाच्या मर्यादेचेही तसेच आहे. ती कडक केली तर खरा लाभार्थी परत जातो, सैल केली तर तोतयाला वाट मिळते. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी चाळणी अद्याप निघालेली नाही. पंतप्रधान किसान सन्मान निधीच्या ओळख पडताळणीसाठी जून 2023 पासून चेहऱ्याची सोय झाली व पुसट बोटांच्या वृद्धांची त्यामुळे बरीच अडचण दूर झाली. तथापि चेहऱ्याची तुलनाही गुणांवरच चालते व अंधूक प्रकाशात तीही फसू शकते.

यास्तव यंत्राचा नकार म्हणजे शासनाचा नकार, असा समज कोणीही करून घेऊ नये. आधार नसल्यामुळे अथवा ठसा न जुळल्यामुळे कोणाही पात्र लाभार्थ्यास धान्य नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून धान्य द्यावे व अशा प्रसंगांची वेगळी नोंद ठेवावी, असे केंद्र शासनाने 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यांना कळविले आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 अन्वये अंत्योदय कुटुंबास दरमहा 35 किलो व प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस 5 किलो धान्याचा हक्क आहे. हे धान्य प्रत्यक्ष हाती पडेल हे पाहणे राज्य शासनाचे कर्तव्य असून, ते न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

व्यवहारात मात्र गाडे अडते ते नोंदीपाशी. दुकानदार “उद्या या” म्हणतो, म्हातारी दोन खेपा घालून घरी बसते, आणि वरच्या कचेरीत “धान्य उचलले नाही” एवढेच दिसते. ठसा जुळला नाही हे त्यात कोठेच येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने येथे लक्ष घालावे. प्रथम हात धुऊन कोरडे करून, यंत्राची काच पुसून दुसऱ्या बोटांचे ठसे घेऊन पाहावेत. त्यानेही भागले नाही तर पत्रिकेतील कुटुंबाच्या दुसऱ्या सदस्याचा ठसा घ्यावा, अथवा नोंदविलेल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक अंकाचा उपयोग करावा. एवढे करूनही काम न झाल्यास नाव, तारीख व नकाराचे कारण लेखी नोंदवून घ्यावे व त्याची प्रत लाभार्थ्यास मिळवून द्यावी. दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व त्यांच्यावर राज्य अन्न आयोग आहे. तोंडी तक्रार मात्र तेथवर पोचत नाही.

एका ठशाच्या नकाराने एक घर अडते. संगणकाने पात्रतेच्या याद्याच चाळल्या तर लाखो घरे अडू शकतात. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर व गडचिरोली यांच्या शेजारच्या तेलंगणात सुमारे 19 लाख शिधापत्रिका संगणकीय निकषांवरून रद्द झाल्या. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रद्द पत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करावी, असा आदेश न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दिला. जी तपासणी पत्रिका रद्द करण्याआधी व्हावयास हवी होती ती काही वर्षांनंतर करावी लागली. निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जुळवताना नावातील साम्यावरून एकाची मालमत्ता दुसऱ्याच्या नावे दिसणे अवघड नाही. एकाच आडनावाची वीस घरे असलेल्या गावात हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

महाराष्ट्र शासनाने जून 2025 मध्ये कृषी क्षेत्रासाठी 2025 ते 2029 या काळाचे कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद असून देखरेखीस राज्यस्तरीय सुकाणू समिती व तांत्रिक समिती यांची योजना आहे. कीड-रोगाचा अंदाज, पिकाचा सल्ला अशी कामे यंत्रे करू लागतील व त्यांचा लाभही होईल. परंतु समितीपुढे येईल ते कागदावरचेच. कपाशीच्या पानावरील डाग यंत्राने एका रोगाचे म्हणून सांगितले व शेतात दुसरेच निघाले, तर ते समितीस कळावयाचे कसे? शेतात उभा असलेला कार्यकर्ता लिहील तेव्हाच. यंत्राचा सल्ला, प्रत्यक्ष पाहणी व झालेला परिणाम हे तीन रकाने आपल्या दैनंदिनीत आखून घ्यावेत. सल्ला बरोबर निघाला तरीही नोंद करावी. केवळ चुकाच टिपल्या तर यंत्राचा खरा अंदाज लागत नाही.

आणखी एक काळजी घ्यावी. बोटाचा ठसा कुलपाप्रमाणे बदलता येत नाही. कोऱ्या कागदावर किंवा अनोळखी माणसाच्या यंत्रावर अंगठा ठेवू नये. ठशाचा वापर काही काळ बंद ठेवण्याची सोय आधार प्राधिकरणाने केलेली आहे. धान्य घेण्याच्या दिवशी तो तात्पुरता खुला करावा लागतो, हे घरातील वडीलधाऱ्यांस आधीच सांगून ठेवावे.