हुरड्याच्या ज्वारीचे बी कोणी राखावे ?

भाकरीस मालदांडी, हुरड्यास गूळभेंडी, लाह्यांस निराळी ज्वारी, अशी वाणांची निवड आपल्या वाडवडिलांनी अनुभवाने केलेली आहे. यांपैकी एखाद्या वाणाचे बी संपले, म्हणजे केवळ एक पीक बुडते असे नव्हे; त्याबरोबर एक पदार्थ, त्याची कृती व चवही लयास जाते. हुरड्याच्या वाणास तर हे भय विशेष आहे. त्याचे दाणे दुधाळ असतानाच कणसे आगटीत जातात. बियाण्यासाठी काही ताटे मुद्दाम राखली नाहीत, तर पुढील पेरणीस बी कोठून मिळणार?

या कामी विद्यापीठाचे साहाय्य मोठे आहे. सुप्रसिद्ध 'मालदांडी ३५-१' ही मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतूनच निवडलेली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' व 'फुले मधुर' हे वाण दिले आहेत. परंतु नव्या वाणांबरोबर जुन्यांचाही सांभाळ झाला पाहिजे. शीतगृहात बी जिवंत राहते, पण ते केव्हा पेरावे, कोणत्या जमिनीत गोड होते, हे ज्ञान शीतगृहात राहत नाही. ते वृद्ध शेतकरी व गृहिणी यांजकडून विद्यापीठाने नोंदवून घ्यावे, आणि शुद्ध केलेले बी गावास परत द्यावे.

दुसरे कर्तव्य ग्रामपंचायतीचे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती नेमून लोकांच्या साहाय्याने नोंदवही तयार करावयाची आहे. ही वही कपाटात पडून राहिल्यास तिचा उपयोग शून्य होय. कोणाच्या घरी कोणते बी आहे हे तीत लिहावे, आणि बियाण्याच्या अदलाबदलीसाठी पेरणीपूर्वी गावात एक दिवस नेमावा.

तथापि मूळ भार आपणांवरच आहे. घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केलेला आहे. तेव्हा आमची सूचना इतकीच : शेताच्या मध्यभागातील निरोगी व वाणाची अस्सल लक्षणे असलेली ताटे हेरावीत. शेजारच्या ज्वारीचा पराग लागू नये म्हणून फुलोऱ्यापूर्वी त्यांच्या कणसांवर कागदी पिशव्या बांधाव्यात व दाणे भरू लागताच काढाव्यात. ती कणसे पूर्ण पिकल्यावर निराळी मळून, वाळवून ठेवावीत. पाहुण्यांनी कितीही आग्रह केला, तरी ही कणसे आगटीत जाऊ देऊ नयेत.