कीर्ति कोणाची व कशाबद्दल?

(अभ्यासाचा उतारा : उपदेशक ९ : १३–१६)

या उताऱ्यांत एका लहानशा नगराची हकीकत आहे. बलाढ्य राजानें वेढा घातला, एका गरीब शहाण्यानें नगर वांचविलें, आणि मागाहून त्याची कोणीं आठवणही ठेविली नाहीं. वेढा घालणारा मात्र मोठा राजा म्हणून नमूद आहे! कीर्ति योग्य माणसास मिळते काय, याचा विचार आपण बारामती-इंदापूर भागांतील नांवांवरूनच करूं.

कवि मोरोपंत (१७२९–१७९४) हे मूळचे पन्हाळ्याचे. तरुणपणीं ते बारामतीस आले व पेशव्यांचे सावकार बाबूजी नाईक यांच्या आश्रयास राहिले. नाइकांच्या घरीं पुराण सांगावें व लिहावें, असा त्यांचा क्रम असे. सबंध महाभारत त्यांनीं आर्यावृत्तांत उतरविलें, तऱ्हेतऱ्हेचीं रामायणें रचिलीं, 'केकावली' लिहिली. श्रम त्यांचेच, परंतु नाइकांचा वाडा नसता तर इतकें लिहिण्यास स्वस्थता मिळाली असती काय? पुढें कीर्तनकारांनीं आर्या गांवोगांव नेल्या, व १८५४ सालीं परशुरामपंत गोडबोले यांच्या 'नवनीत' संग्रहानें त्या शाळेंत पोंचविल्या. मग वाद निघाला. शब्दचातुर्य पुष्कळ, रस थोडा, असें कित्येक म्हणत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाले'त पंतांची बाजू हिरीरीनें घेतली. माझ्या मतें दोहोंकडे तथ्य आहे. ओठांस ओठ न लावतां म्हणतां येणारें 'निरोष्ठ रामायण' हें कसब खरें. पण कसबाची वाहवा वेगळी व काव्याची वेगळी. हल्लीं चित्रपटांतील नटानें औषधाची जाहिरात केली कीं लोक तें घेतात. तेथेंही हीच गफलत होते.

मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईंत पडले. ते शूर होतेच. तथापि त्यांचें नांव आज घरोघर आहे तें नातू शिवाजी महाराजांमुळें. त्यांच्याबरोबर पडलेल्या शिपायांस असा नातू नव्हता.

इंदापूरचें आणखी एक नांवाजलेलें काम म्हणजे १८३६ ची जमाबंदी. त्यापूर्वीं प्रिंगलसाहेबांच्या पाहणीनें ठरलेला सारा जड होऊन शेतें ओस पडलीं होतीं. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जमिनीची प्रत पाहून शेतवार हलका आकार बसविला व तो तीस वर्षें कायम केला. जमिनी पुन्हा लागवडीस येऊं लागल्या, आणि तीच पद्धत मुंबई इलाख्यांत पसरली. महसुलाच्या इतिहासांत या दोघांचीं नांवें आहेत, व तीं असावींत. पण उन्हांत सांखळी ओढून एकेक शेत मोजणारे, मातीची प्रत सांगणारे, ओस रानांत पुन्हा नांगर घालणारे कुणबी यांपैकीं एकाचेंही नांव तेथें नाहीं. साहेबांचे दर कागदावर होते. ते खरे ठरविले ते यांनीं.

वर्गांत विचारावें : आपल्या गांवच्या जुन्या विहिरीचे पैसे कोणीं दिले, हें कोणास ठाऊक आहे? ती खणिली कोणीं?